आधी आईचं वजन सांगा

कल्पित जगांच्या कथांमध्ये लढाया उदंड असतात, बाळंतपणं फार थोडी. तीन फुटी हॉबिट, रुंद खांद्यांचे ड्वार्फ, युगानुयुगं जगणारे एल्फ, ताडमाड राक्षस या सगळ्यांच्या तलवारी, दाढ्या, वंशावळी आणि भाषा लेखकांनी फार बारकाईनं रचल्या आहेत. पण ही मंडळी जन्मली तेव्हा केवढी होती, त्यांच्या आयांनी त्यांना किती महिने पोटात वाढवलं आणि ती सुखरूप बाहेर कशी आली, हे पान बहुतेक ठिकाणी कोरंच राहिलं आहे.

मी नवजात बाळांची डॉक्टर आहे. माझी भाची पुण्यात शिकते, मित्रमंडळींबरोबर ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ खेळते आणि सध्या स्वतःची एक मराठी कादंबरी लिहिते आहे. तिच्या कादंबरीत एक सुईण आहे आणि ती सगळ्या वंशांच्या बायकांची बाळंतपणं करते. त्यासाठीच तिचा फोन आला, ‘‘मावशी, हाफलिंगचं बाळ जन्मतः किती वजनाचं असेल गं?’’ मी म्हटलं, ‘‘आधी आईचं वजन सांग.’’

माझ्या कामात हे वाक्य रोजचं आहे. आमच्या विभागात बाळाची फाइल उघडली की पहिल्या पानावर आईची माहिती असते : वय, उंची, वजन, हिमोग्लोबिन, कितवं बाळंतपण, किती दिवस भरलेले. बाळाचा आकार कळायचा तर या पानापासूनच सुरुवात करावी लागते. मग आमचं बोलणं वाढत गेलं. तिनं वंशांची मापं सांगायची आणि मी प्राणिशास्त्रातल्या व माझ्या विभागातल्या आकड्यांशी ती ताडून पाहायची. कल्पित बाळाचा हिशेब मांडताना खऱ्या बाळांविषयी इतकं काही उलगडत गेलं, की ते सगळ्यांसमोर ठेवावंसं वाटलं.

नुसतं लहान-मोठं करून भागत नाही

पहिला मोह असा होतो, की माणसाचं बाळ घ्यावं आणि उंचीच्या प्रमाणात लहान किंवा मोठं करावं. ६० किलोच्या आईचं बाळ ३.३ किलोचं धरलं, तर ते आईच्या वजनाच्या साडेपाच टक्के होतं. मग सगळ्या वंशांना साडेपाच टक्के लावून मोकळं व्हावं. पण निसर्गात असा एकच टक्का कुठेही लागू होत नाही. आफ्रिकी हत्तीण साधारण ३००० किलोची असते आणि तिचं पिल्लू १०० ते १२० किलोचं, म्हणजे जेमतेम चार टक्के. निळ्या देवमाशाची मादी शंभर टनांच्या पुढे जाते आणि पिल्लू जन्मतः अडीच-तीन टनांचं असतं, म्हणजे अडीच टक्क्यांच्या आसपास. दुसऱ्या टोकाला वटवाघळं आहेत. त्यांच्या अनेक जातींत एकुलतं एक पिल्लू आईच्या वजनाच्या जवळपास पाव भागाएवढं असतं. आग्नेय आशियातल्या टार्सियर या मूठभर आकाराच्या, मोठ्या डोळ्यांच्या प्राण्याचंही तसंच.

आई जितकी लहान, तितका तिच्या वजनात बाळाचा वाटा मोठा. इसाबेला लीच, फ्रँक हायटन आणि बिलेविच या संशोधकांनी १९५९ साली कितीतरी सस्तन प्राण्यांच्या माद्यांची आणि त्यांच्या पिल्लांची वजनं एकत्र मांडली, तेव्हा हा कल स्पष्ट दिसला. सोप्या शब्दांत नियम असा : आईचं वजन दुप्पट झालं तर बाळाचं वजन दुप्पट होत नाही, साधारण पावणेदोन पट होतं. आईचं वजन दहापट झालं तर बाळाचं सव्वासहा पट होतं. गणिताच्या भाषेत, बाळाचं वजन आईच्या वजनाच्या ०.८ घाताच्या आसपास वाढतं.

याचं मूळ ऊर्जेत आहे. मोठ्या प्राण्याचं शरीर दर किलोमागे कमी ऊर्जा जाळतं, हे मॅक्स क्लायबर यांनी १९३२ साली दाखवलं. हत्तिणीचा एक किलो उंदराच्या एक किलोपेक्षा फार सावकाश जगतो. गर्भाला वाढवायची सगळी ऊर्जा आईच्या याच यंत्रणेतून, वारेतून जाते. त्यामुळे आई मोठी झाली तरी बाळासाठीचा पुरवठा तिच्या वजनाच्या प्रमाणात वाढत नाही.

आता पाया कुणाचा धरायचा? हा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण माणूस आपल्या नातलगांत वेगळा आहे. गोरिला मादी ८५ किलोच्या आसपास असते आणि तिचं बाळ दोन किलोचं. माणसाचा पाया धरून वरचा नियम लावला तर ते चार किलोंच्या वर भरायला हवं. म्हणजे आपलं बाळ गोरिलाच्या तुलनेत दुपटीनं मोठं आहे. मोठा मेंदू आणि त्वचेखालची चरबी ही त्याची दोन ठळक कारणं. चिंपांझीच्या किंवा गोरिलाच्या हडकुळ्या बाळाशेजारी माणसाचं बाळ गुबगुबीत दिसतं. या चरबीचा बराचसा उपयोग पहिल्या महिन्यांत झपाट्यानं वाढणाऱ्या मेंदूसाठी होतो, असं मानलं जातं. कल्पित वंश बोलतात, गातात, हत्यारं घडवतात, लेकरांना वर्षानुवर्षं शिकवतात. तेव्हा त्यांच्यासाठी माणसाचाच पाया धरणं रास्त आहे.

हाफलिंगची आई

टॉल्किनचे हॉबिट दोन ते चार फूट उंचीचे. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मधले हाफलिंग त्यांचेच भाऊबंद, तीन फूट उंच आणि ४० पौंड, म्हणजे १८ किलो वजनाचे. नियम लावला की १८ किलोच्या आईचं बाळ सव्वा किलोचं येतं. तिच्या वजनाच्या ते सात टक्के झालं.

सव्वा किलो हा आकडा ऐकला की माझ्या डोळ्यांसमोर लगेच बाळाला ऊब देणारा वॉर्मर उभा राहतो. आमच्याकडे या वजनाचं बाळ बहुधा २९-३० आठवड्यांचं असतं. त्याची कातडी इतकी पातळ, की खालच्या शिरा दिसतात. फुप्फुसं उघडी ठेवणारा द्रव पुरेसा तयार झालेला नसतो, म्हणून श्वासाला आधार लागतो. चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ साधारण ३४ आठवड्यांशिवाय नीट बसत नाही, म्हणून दूध नळीनं द्यावं लागतं.

हाफलिंगचं सव्वा किलोचं बाळ असं नसेल, हे मी भाचीला पहिल्यांदा सांगितलं. ते पूर्ण दिवसांचं आहे. त्याच्या तळपायांवर घड्या आहेत, फुप्फुसं तयार आहेत, ते खणखणीत रडतं आणि अंगावर घेतलं की ओढून दूध पितं. लहान असणं आणि अपुऱ्या दिवसांचं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्क्विरल मंकी या दक्षिण अमेरिकी माकडाचं बाळ शंभर ग्रॅमच्या आसपास असतं, पण जन्मल्यावर लगेच आईच्या पाठीला घट्ट चिकटून राहतं. वजन किती हे काटा सांगतो. बाळ किती तयार आहे हे मात्र त्याचा श्वास, त्याचं चोखणं आणि त्याच्या हातापायांचा ताठरपणा पाहूनच कळतं.

खरी अडचण जन्माच्या वाटेची आहे. माणसाच्या स्त्रीच्या कंबरेच्या हाडांचं कडं, जिथून बाळाचं डोकं आत उतरतं, तिथे पुढून मागे साधारण ११ सेंटिमीटर असतं. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या डोक्याची रुंदी साडेनऊ सेंटिमीटर. जागा एवढी मोजकी, की डोक्याला वळत वळतच उतरावं लागतं. आता १६० सेंटिमीटर उंचीची स्त्री नुसती लहान करून ९० सेंटिमीटरची केली, तर ते कडं ६.२ सेंटिमीटरचं होतं. बाळ मात्र तेवढ्या प्रमाणात लहान झालेलं नाही. सव्वा किलोच्या बाळाचं डोकं त्याच हिशेबानं ६.९ सेंटिमीटर रुंद येतं. ते उतरणार नाही.

म्हणजे लहान वंशांची बाळंतपणं माणसापेक्षा अवघड असतात. हे कल्पित नाही. स्क्विरल मंकीमध्ये बाळाचं डोकं आणि आईची हाडं यांचा असाच अटीतटीचा सामना असतो आणि त्यात पिल्लं दगावण्याचं प्रमाण मोठं आहे. माणसांतही आईची उंची १४० सेंटिमीटरहून कमी असेल तर आपल्याकडे ते बाळंतपण जोखमीचं मानतात आणि आधीपासून मोठ्या रुग्णालयात नाव घालायला सांगतात.

यातून सुटायच्या वाटाही निसर्गानं शोधल्या आहेत. गिनीपिगची पिल्लं चांगली मोठी, केसाळ, डोळे उघडलेली अशी जन्मतात. त्यांना वाट मिळावी म्हणून बाळंतपणाच्या सुमारास आईच्या कंबरेची पुढची हाडं रिलॅक्सिन या संप्रेरकामुळे एकमेकांपासून दूर सरकतात. दुसरा मार्ग लहान डोक्याचा. इंडोनेशियातल्या फ्लोरेस बेटावर लिआंग बुआ गुहेत २००३ साली एका बुटक्या मानवजातीचे सांगाडे मिळाले. होमो फ्लोरेसिएन्सिस या नावाच्या त्या जातीला जगभर ‘हॉबिट’ हेच टोपणनाव पडलं. त्यातली पूर्ण वाढलेली स्त्री १०६ सेंटिमीटर उंचीची होती आणि तिचा मेंदू ४०० घनसेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे चिंपांझीएवढा. तिच्या बाळाचं डोकंही त्या मानानं लहानच असणार.

भाचीनं तिसरा मार्ग निवडला आणि तो मला पटला. ९० सेंटिमीटरची, माणसाच्या बांध्याची स्त्री ११ किलोंच्या आसपास भरली असती. हाफलिंग १८ किलोंची आहे, म्हणजे ती मुळातच आडव्या बांध्याची आहे. तिची कंबर रुंद मानायला काहीच हरकत नाही.

मग उरतो गारठा. वाटीतलं दूध पातेल्यातल्या दुधाच्या आधी निवतं, तसं लहान अंग लवकर गार पडतं, कारण वजनाच्या मानानं त्याची कातडी जास्त पसरलेली असते. १९७८ साली कोलंबियात बोगोटा इथे एदगार रेय या डॉक्टरांनी कमी वजनाची बाळं आईच्या उघड्या छातीवर, कातडीला कातडी लावून ठेवायला सुरुवात केली. पुढे एक्तोर मार्तिनेस यांनी त्यांना साथ दिली. आज तीच पद्धत कांगारू मदर केअर म्हणून जगभर आणि आपल्या सरकारी दवाखान्यांतही वापरतात. हाफलिंगांच्या घरात पाळणा शेवटी येईल. त्यांची बाळं पहिले काही आठवडे कुणाच्या ना कुणाच्या छातीवर, पांघरुणाखालीच राहतील. तिच्या कादंबरीतले हाफलिंग बाबा, आजोबा, काका असे सगळे पाळीपाळीनं बाळ अंगावर घेतात.

ड्वार्फ, एल्फ आणि गॉब्लिन

ड्वार्फचा हिशेब सोपा आहे. त्याच खेळात त्यांचं वजन १५० पौंड, म्हणजे ६८ किलो दिलं आहे. उंची चार-पाच फूट. बाळ ३.६ ते ३.७ किलोचं, आपल्याकडच्या धष्टपुष्ट बाळाएवढं. आई ठेंगणी असली तरी रुंद, त्यामुळे डोक्याची चिंता कमी. चिंता खांद्यांची. डोकं बाहेर आलं आणि खांदा अडकला, हा बाळंतपणाच्या खोलीतला सर्वांत अवघड प्रसंगांपैकी एक. चार किलोंच्या वरच्या बाळांत तो जास्त दिसतो. तेव्हा आईच्या मांड्या पोटाकडे दुमडून, ओटीपोटावर दाब देऊन मिनिटांच्या आत बाळ सोडवावं लागतं. ड्वार्फांची ती भिंतीसारखी रुंद छाती जन्मतःच असेल तर त्यांच्या सुईणींना हीच कला सर्वांत आधी शिकावी लागेल. खांद्यांची वाढ जन्मानंतर होत असेल तर मात्र बाळंतपण सुखाचं.

एल्फांच्या बाबतीत टॉल्किननं स्वतः विचार केला होता. त्याच्या मृत्यूनंतर १९९३ साली छापल्या गेलेल्या ‘मॉर्गॉथ्स रिंग’ या खंडात एल्फ-बाळ सुमारे वर्षभर पोटात असतं, शरीरानं माणसाच्या मुलापेक्षा हळू वाढतं, पण पहिलं वर्ष पुरं व्हायच्या आत बोलतं-चालतं, असं येतं. जीवशास्त्राला हे पटण्यासारखं आहे, पण एका अटीवर.

माणसाचं बाळ नऊ महिन्यांतच का जन्मतं, यावर दोन मतं आहेत. जुनं मत सांगतं, की दोन पायांवर चालायला अरुंद कंबर हवी आणि मोठ्या मेंदूला रुंद वाट हवी. या ओढाताणीत बाळ लवकर जन्मतं. हॉली डन्सवर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली दुसरी बाजू मांडली. गरोदरपणाच्या शेवटी आईचं शरीर विश्रांतीच्या खर्चाच्या दुपटीहून थोडी जास्त ऊर्जा जाळत असतं आणि माणसाला महिनोन् महिने याहून जास्त झेपत नाही. बाळाची भूक आईच्या आवाक्याबाहेर जायला लागते तेव्हा जन्म होतो. मग एल्फ स्त्री बारा महिने कशी काढते? गर्भ सावकाश वाढत असेल तरच. म्हणून जास्त महिने म्हणजे जास्त वजन असं धरू नये. सडपातळ आईचं, तीन किलोंच्या आसपासचं, लांबट, कमी चरबीचं, पण मेंदूनं पुढे गेलेलं बाळ, असा माझा अंदाज आहे. इतकं सावकाश गरोदरपण असलेल्या वंशात मुलं मोजकीच होणार. ओरांगउटान मादीला दोन बाळांमध्ये सात-आठ वर्षं लागतात. दीर्घायुषी एल्फांची घरं मुलांनी कधी गजबजलेली दिसत नाहीत, ते यात चपखल बसतं.

गॉब्लिन याच्या अगदी उलट. ते हाफलिंगएवढेच लहान, पण त्यांच्या झुंडी असतात. झुंडी हव्या असतील तर एका वेळी अनेक पिल्लं हवीत आणि पुरवठा तोच असल्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला कमी येणार. १८-२० किलोंची कुत्री पाच-सहा पिल्लं घालते आणि प्रत्येक पिल्लू पाव किलोहून थोडं जास्त भरतं. त्यांचे डोळे दोन आठवडे मिटलेले असतात. गॉब्लिनांची बाळं तशीच असतील : मुठीएवढी, आंधळी, गुहेच्या उबेत एकमेकांना चिकटलेली. अशा वंशाला पक्कं बीळ आणि राखणीला कुणीतरी लागतंच. लेखकानं झुंड लिहिली, की ती सांभाळणाऱ्या आज्या-मावश्याही लिहायला हव्यात.

राक्षसिणीचं बाळंतपण सोपं

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मधला डोंगरी राक्षस १६ फूट उंच आहे. साडेपाच फुटांच्या माणसाच्या हे जवळपास २.९ पट. उंची २.९ पट झाली की वजन सुमारे २५ पट होतं, म्हणजे आई दीड टनाची. नियमानं तिचं बाळ ४३ किलोंच्या घरात येतं, लांबी चार फुटांना थोडी कमी. आपल्याला ते प्रचंड वाटेल, पण आईच्या वजनाच्या ते तीन टक्केसुद्धा नाही. जिराफाचं पिल्लू सहज साठ किलोचं आणि सहा फूट उंच असतं. आई त्याला पंधरा महिने पोटात वाढवते. राक्षसिणीला किती महिने? हत्तिणीचे बावीस महिने ही वरची मर्यादा धरावी, आणि त्याहून बरेच कमीही चालतील.

डोक्याचा हिशेब इथे सुखाचा आहे. राक्षसिणीच्या कंबरेचं कडं २.९ पट झालं, बाळाचं डोकं मात्र २.३५ पट. म्हणजे ३२ सेंटिमीटरच्या वाटेतून २२ सेंटिमीटरचं डोकं. राक्षसीण बहुधा आपलीआपण बाळंत होईल आणि सुईणीला फक्त नाळेपुरतं बोलावेल.

हाच नियम दोन टोकांना ताणून पाहण्यासाठी जोनाथन स्विफ्टच्या १७२६ सालच्या गलिव्हरइतकं चांगलं पुस्तक नाही. लिलिपुटची माणसं आपल्या बाराव्या हिश्शाची, ब्रॉबडिंगनॅगची बारा पट. उंची बारा पट म्हणजे वजन १७२८ पट. ब्रॉबडिंगनॅगची आई १०४ टनांची, साक्षात निळ्या देवमाशाएवढी, आणि तिचं बाळ १३०० किलोंचं. पण देवमाशाचं वजन पाणी पेलतं. गॅलिलिओनं १६३८ सालीच दाखवून दिलं होतं, की आकार वाढवला तर वजन घनाच्या आणि हाडाच्या छेदाचं क्षेत्रफळ वर्गाच्या हिशेबानं वाढतं. ब्रॉबडिंगनॅगच्या बाईच्या हाडांवर दर चौरस सेंटिमीटरला बारा पट भार येईल. तिचं बाळ सुखरूप जन्मेल, पण तिला स्वतःला उभं राहता येणार नाही.

लिलिपुटची आई ३५ ग्रॅमची आणि तिचं बाळ साडेआठ ग्रॅमचं, आईच्या वजनाच्या २४ टक्के. हा आकडा वाचून मला फार आनंद झाला, कारण लहान सस्तन प्राणी नेमके याच घरात आहेत. वटवाघळांची एकुलती पिल्लं एवढ्याच प्रमाणात असतात. घरातली उंदरीण सहा-सात पिल्लं घालते, प्रत्येकी सव्वा-दीड ग्रॅमची. बेरीज करा, तीही आईच्या वजनाच्या मोठ्या वाट्याएवढी भरते. निसर्गानं पुरवठा ठरवला आहे. तो एका बाळावर खर्च करायचा की सातांवर वाटायचा, हे प्रत्येक जातीनं आपापलं ठरवलं.

मिश्र वंशाचं बाळ

भाचीचा सर्वांत अवघड प्रश्न होता अर्ध्या राक्षसाचा. वडील राक्षस आणि आई माणूस असेल तर ती जगेल का?

याचं उत्तर एका जुन्या, गाजलेल्या प्रयोगात आहे. केंब्रिजला आर्थर वॉल्टन आणि जॉन हॅमंड यांनी अवाढव्य शायर घोडे आणि बुटके शेटलंड तट्टू यांचा संकर कृत्रिम रेतनानं दोन्ही बाजूंनी करून पाहिला आणि १९३८ साली त्याचे निष्कर्ष छापले. दोन्हीकडे आई-बापांच्या जाती त्याच, फक्त भूमिका उलट. शायर आईच्या पोटचं शिंगरू शेटलंड आईच्या पोटच्या शिंगरापेक्षा जवळपास तिप्पट वजनाचं जन्मलं. लहान आईनं मोठ्या बापाच्या अंशाला आपल्या मापात ठेवलं. माणसांतही दान केलेल्या बीजांडापासून झालेल्या बाळांचा अभ्यास झाला आहे. त्यांचं जन्मवजन बीजांड देणाऱ्या स्त्रीपेक्षा पोटात वाढवणाऱ्या स्त्रीच्या वजनाशी अधिक जुळतं.

म्हणून ‘हॅरी पॉटर’मधला हॅग्रिड जीवशास्त्राला मान्य आहे : त्याची आई राक्षसीण आणि वडील माणूस. आपला घटोत्कचही तसाच, हिडिंबेच्या पोटचा आणि भीमाचा. महाभारतानं वाढ अफाट दाखवली, तीही जन्मानंतर. उलट जोडी असेल, माणसाची आई आणि राक्षस वडील, तरी बाळ आईला झेपेल एवढंच, साडेतीन-चार किलोंचं जन्मेल आणि मग झपाट्यानं वाढेल. त्या घरात खरी परीक्षा बाळंतपणानंतर, दूध पुरवताना येईल.

गर्भाशयाबाहेरची वाढही निसर्गाला परकी नाही. लाल कांगारूचं पिल्लू एक ग्रॅमही भरत नाही. ते आईच्या पिशवीत चढतं आणि पुढचे कितीतरी महिने तिथेच वाढतं. गांधारीच्या कथेत दोन वर्षांच्या गरोदरपणानंतर मांसाचा गोळा जन्मतो आणि त्याचे अंगठ्याच्या पेरासारखे तुकडे तुपाच्या घड्यांत वाढवले जातात. कथा म्हणून ती अद्भुत आहे. पण शंभर पूर्ण वाढलेली बाळं एका पोटात मावत नाहीत, वाढ बाहेर न्यावीच लागेल, हे भान त्या कथेच्या रचनेत आहे.

आणि आपल्या घरातलं बाळ

सुरुवातीला मी ३.३ किलो हा आकडा धरला. पण भारतात जन्मणाऱ्या बाळांचं सरासरी वजन २.८ किलोंच्या आसपास आहे आणि पाच-सहा बाळांमागे एक बाळ अडीच किलोंपेक्षाही कमी भरतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोंची होती, तर इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची ३.५ किलोंची. पण गावाकडची बाळं ही त्या बाळांची छोटी प्रतिकृती नव्हती. त्यांचे स्नायू आणि पोटातले अवयव कमी भरलेले होते, चरबी मात्र त्या मानानं टिकून होती. अशा बाळांना पुढे मधुमेहाचा धोका जास्त असतो. लहान बाळ म्हणजे नुसतं छोटं केलेलं मोठं बाळ नव्हे, हे आपल्याच गावांनी जगाला दाखवलं.

भाचीच्या कादंबरीतली सुईण आता प्रत्येक वंशाच्या दारात गेली की आधी आईला न्याहाळते : तिची उंची, तिची कंबर, तिचं जेवण. वंश रचणाऱ्या प्रत्येक लेखकाला माझं हेच सांगणं आहे. बाळाचं माप वंशाच्या नावावरून ठरत नाही, ते आईच्या शरीरावरून ठरतं. आई नीट रचली, की बाळाचा आकार, घराची रीत, मुलांची संख्या आणि बाळंतपणाची भीती किंवा सुख आपोआप जुळून येतं.

आणि वाचकांना एक विनंती. शायर आणि शेटलंडच्या शिंगरांचा धडा आपल्या घरालाही लागू आहे. आईची उंची आणि तिची हाडं गरोदरपणात बनत नाहीत, ती तिच्या स्वतःच्या लहानपणी बनतात. सुनेला नवव्या महिन्यात तूप वाढून ती भरून निघत नाहीत. म्हणून घरातल्या मुलीला आजपासून मुलाइतकंच दूध, डाळ, अंडी, भाकरी आणि भाजी पोटभर वाढा, आणि तिची उंची व वजन दर वर्षी मोजून लिहून ठेवा.